हिरवा दगड आणि तांब्याचा शोध

समजा, पातूरच्या एखाद्या शाळेची सहल गावाजवळची लेणी पाहायला गेली आहे. लेणी पाहून झाल्यावर मुले नाल्यात उतरतात. तिथल्या काळ्या दगडात बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक चमकत असतात. एका मुलाला मात्र वेगळाच तुकडा सापडतो. त्यातल्या पोकळ्यांना आतून गर्द हिरवा थर बसलेला आहे. तांब्याच्या भांड्यावर चढणारा हिरवा गंज त्याने घरी पाहिलेला असतो. तो धावत येऊन म्हणतो, "सर, तांबं सापडलं! आपल्या डोंगरात तांब्याची खाण आहे!"

अशा वेळी शिक्षकाने काय सांगावे? "नाही रे, इथे कुठलं तांबं!" हे उत्तर सोपे आहे, पण चुकीचे आहे. कारण पातूरच्या काळ्या दगडात तांबे खरोखरच आहे. "हो, आहे" असे म्हणावे, तर तेही अपुरे आहे. मुलाच्या हातातला हिरवा रंग बहुधा तांब्याचा नाही आणि डोंगरात जे तांबे आहे, ते डोळ्यांना दिसणारे नाही.

या दोन उत्तरांच्या मध्ये जे विज्ञान आहे, तेच या लेखात मांडण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत. आफ्रिकेत तांबे शोधायला निघालेली एखादी छोटी कंपनी असो किंवा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात शोध घेणारे भूवैज्ञानिक असोत, त्यांच्यापुढचा प्रश्न या मुलाच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नसतो.

आधी हिरव्या रंगाचा निकाल

पातूरचा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांतलेच हे थर. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून कोमट पाणी झिरपले आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये आत साठली. पांढरे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीच्या जातीचे खडे ही त्यातूनच तयार झाली. या पोकळ्यांना आतून बसणारा हिरवा थर बहुतेक वेळा सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा असतो. त्याचा हिरवा रंग लोहामुळे येतो.

तांब्याचे नेहमी आढळणारे हिरवे खनिज म्हणजे मॅलाकाइट. ते तांब्याचे कार्बोनेट आहे. या दोघांतला फरक शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येतो.

हिरव्या दगडाची थोडी पूड परीक्षानळीत घ्या. शिक्षकांनी स्वतः त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब टाकावे. मॅलाकाइट असेल तर फसफसून बुडबुडे येतील आणि द्रावणाला हिरवट-निळी छटा येईल. या द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून ठेवला, तर त्यावर तांबूस थर चढेल. दगड सेलॅडोनाइटचा असेल तर यातले काहीच होणार नाही.

इथे एक फसगत होऊ शकते. दगडात कॅल्साइट असेल तरीही फसफस होईल, कारण तेही कार्बोनेट आहे. म्हणून नुसत्या बुडबुड्यांवरून निष्कर्ष काढू नये. निकाल खिळ्यावरच्या तांबूस थराने द्यावा. तुलनेसाठी दुसऱ्या नळीत मोरचुदाचे द्रावण घेऊन त्यातही खिळा बुडवावा, म्हणजे खरे तांबे असले की काय दिसते ते मुलांना समजेल. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात धुण्याची आठवण द्यावी.

आता कोणी म्हणेल की हिरवा दगड हा काही पुरावाच नाही. तसे नाही. आफ्रिकेत आजच्या झांबियातील लुआन्शा येथील खाणीबद्दल अशी कथा सांगतात की, 1902 साली विल्यम कॉलियर नावाच्या शोधकाने एका रोन जातीच्या हरणाची शिकार केली आणि ते जिथे पडले त्या खडकावर त्याला हिरवे डाग दिसले. ते डाग मॅलाकाइटचे होते. पुढे तिथे मोठी खाण झाली आणि तिला त्या हरणाचेच नाव मिळाले. म्हणजे एका ठिकाणचा हिरवा दगड खाणीपर्यंत घेऊन गेला आणि दुसऱ्या ठिकाणचा हिरवा दगड निव्वळ लोहाचा निघाला. खूण सारखी असली तरी अर्थ वेगळा, आणि तो ठरवायला चाचणी लागते.

पातूरच्या डोंगरात किती तांबे आहे?

हिरवा रंग लोहाचा असला, तरी काळ्या दगडात तांबे आहे असे आम्ही वर म्हटले. ते किती?

दगडातले अल्प प्रमाण मोजण्यासाठी 'पीपीएम' हे माप वापरतात. दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. एक टन दगडात एक ग्रॅम असले की ते एक पीपीएम झाले. भूकवचात तांब्याचे सरासरी प्रमाण साधारण 30 ते 60 पीपीएम धरतात. ग्रॅनाइटमध्ये ते याहून कमी, बहुधा 10 ते 20 च्या आसपास असते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मात्र ते सहसा 100 ते 200 पीपीएम भरते. म्हणजे पातूरचा दगड तांब्याच्या बाबतीत सरासरीहून श्रीमंतच आहे!

मुलांना फळ्यावर एक हिशेब करायला द्या. एक घन किलोमीटर बेसॉल्ट घेऊ. एक घनमीटर बेसॉल्टचे वजन सुमारे 2.9 टन असते. एका घन किलोमीटरमध्ये 100 कोटी घनमीटर, म्हणजे 290 कोटी टन दगड. दर टनाला 100 ग्रॅम तांबे धरले तर एकूण तांबे झाले 2 लाख 90 हजार टन.

आता दुसरा हिशेब. समजा, दुसऱ्या एका ठिकाणी तांब्याची एक शीर सापडली आहे. लांबी 500 मीटर, खोली 200 मीटर, जाडी 5 मीटर. घनफळ झाले 5 लाख घनमीटर. दर घनमीटरला 2.8 टन धरले तर 14 लाख टन दगड. त्यात तांबे 1 टक्का, म्हणजे 14 हजार टन.

पहिल्या ठिकाणी तांबे दुसऱ्याच्या वीसपट आहे. तरी खाणवाला दुसऱ्या ठिकाणाचा विचार करील आणि पहिल्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. का?

कारण दुसऱ्या ठिकाणी एक टन दगड फोडला की 10 किलो तांबे हाती येऊ शकते, तर पहिल्या ठिकाणी फक्त 100 ग्रॅम. आणि तेही सहज सुटत नाही. शिरेमधले तांबे बहुधा चॅल्कोपायराइट या पितळी रंगाच्या खनिजाच्या कणांत असते. त्यात तांबे, लोह आणि गंधक असते, आणि तांब्याचा वाटा वजनाने एक तृतीयांशाहून थोडा जास्त. असा दगड दळला की हे कण सुटे होतात. पाण्यात विशिष्ट रसायने घालून आणि हवा सोडून ते घुसळले, की ताकावर लोणी यावे तसे ते कण फेसाबरोबर वर येतात. बेसॉल्टमधले तांबे असे वेगळ्या कणांत गोळा झालेले नसते. बरेचसे इतर खनिजांच्या रचनेतच अणू-अणूने विखुरलेले असते. अख्खा डोंगर दळला तरी ते फेसावर येणार नाही.

म्हणून ज्या दगडातून धातू परवडेल अशा खर्चात काढता येतो, त्यालाच 'धातुक' म्हणतात. धातुक ही केवळ रसायनशास्त्रातली संज्ञा नाही. त्यात प्रमाण, खनिजाचा प्रकार, खोली, रस्ता, वीज, पाणी आणि बाजारभाव हे सगळे येते. धातूचा भाव घसरला, तर काल धातुक असलेला दगड आज नुसता दगड होतो.

निसर्ग तांबे गोळा कसे करतो?

विखुरलेले तांबे 50 ते 100 पटींनी एकवटले तरच खाण होऊ शकते. हे एकवटण्याचे काम बहुतेक ठिकाणी गरम, खारट पाण्याने केले आहे.

आफ्रिकेतील झांबिया आणि काँगो यांच्या सीमेवरचा तांबेपट्टा हे याचे ठळक उदाहरण. तिथे जुन्या काळी साचलेल्या लालसर वाळूच्या थरांतून खारट पाणी फिरले. खारट पाण्यात तांबे विरघळून राहू शकते. हे पाणी पुढे सेंद्रिय द्रव्य आणि गंधक असलेल्या काळसर थरांना भिडले. दुधात लिंबू पिळले की ते फाटते आणि घट्ट भाग वेगळा होतो, तसे तांबे तिथे गंधकाशी संयोग पावून खाली बसले. त्यामुळे तिथले तांबे विशिष्ट थरांना धरून मैलोन्‌मैल पसरलेले आढळते.

आपल्याला जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडचे. तिथे फार प्राचीन ग्रॅनाइटी खडकांतून गरम द्रव वर चढले आणि भेगांत गारगोटीबरोबर तांब्याची खनिजे बसली. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तिथली खाण 1982 पासून चालते. देशातील तांब्याचा हा सर्वांत मोठा साठा. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना आणि नागपूर जिल्ह्यातील पुलर-परसोडी या भागांत जुन्या खडकांत तांब्याची खनिजे आढळली आहेत. ही सारी ठिकाणे विदर्भाच्या पूर्वेकडची किंवा त्याच्या पलीकडची आहेत, हा योगायोग नाही. तिथे बेसॉल्टचे पांघरूण संपते आणि त्याच्या खालचे कोट्यवधी वर्षे जुने खडक उघडे पडतात.

मग बेसॉल्टमध्ये खाण होतच नाही का? होते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील किवीनॉ येथे सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. तिथे गरम पाण्याने तांबे विरघळवून पोकळ्यांत आणि थरांमधल्या गोट्यांच्या खडकात शुद्ध धातूच्या रूपातच आणून बसवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभरावर वर्षे ते तांबे खणले गेले. पातूरच्या पोकळ्यांतूनही पाणी फिरले, याचे पुरावे म्हणजे ते पांढरे झिओलाइट. पण ते पाणी त्या मानाने कोमट होते आणि त्याने मुख्यतः सिलिका, कॅल्शियम, सोडियम यांची ने-आण केली. दगड तोच असला, तरी पुढचा इतिहास निराळा झाला.

शोध कसा घेतात?

आता आपण शोध घेणाऱ्याच्या जागी उभे राहू. समजा, आफ्रिकेतील एखाद्या देशात एका छोट्या कंपनीला काहीशे चौरस किलोमीटरचा शोधपरवाना मिळाला आहे. कंपनीकडे खाण नाही, म्हणून उत्पन्नही नाही. भागधारकांकडून आलेले पैसे आहेत आणि परवान्याची मुदत आहे. दोन्ही रोज कमी होत आहेत. एवढ्या मोठ्या जमिनीत कुठे खणायचे?

ती एकदम खणत नाही. स्वस्त प्रश्न आधी आणि महाग प्रश्न नंतर, हा या कामाचा नियम आहे.

पहिली पायरी म्हणजे जुने नकाशे, उपग्रहाची चित्रे आणि स्थानिक लोकांचे सांगणे. जुन्या लोकांनी कुठे खणले होते, मळी कुठे पडली आहे, कुठे झाडे वाढत नाहीत हे गावकऱ्यांना ठाऊक असते. तांबे जास्त झाले की ते बहुतेक वनस्पतींना विषारी ठरते. त्यामुळे तांबेपट्ट्यात जंगलाच्या मधोमध उघडी मैदाने दिसतात. जास्त तांबे सोसणारी काही झुडपेही तिथे वाढतात. त्यांतल्या एकाला 'तांब्याचे फूल' असेच म्हणतात आणि त्याच्या खुणेने शोधकांनी तांबे शोधले आहे.

दुसरी पायरी नाल्यांच्या गाळाची. नाला आपल्या सगळ्या पाणलोटातली माती थोडी थोडी आणत असतो. एका ठिकाणचा मूठभर गाळ तपासला की वरच्या काही चौरस किलोमीटरची अंदाजे बातमी कळते. दोन नाले मिळतात तिथे दोन्हींचा गाळ वेगवेगळा घ्यायचा. ज्याच्यात तांबे जास्त, त्याच्या वरच्या अंगाला जायचे.

तिसरी पायरी मातीची. निवडलेल्या तुकड्यावर दोऱ्या टाकल्यासारख्या रेषा आखून, ठरावीक अंतरावर वीत-दीड वीत खोलीची माती घेतात, बारीक चाळणीने चाळतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात.

इथे आमच्या लेखाचा गाभा येतो. समजा, दोन ठिकाणच्या रेषांवर मातीतले तांबे पीपीएममध्ये असे भरले:

पहिली रेषा: 130, 145, 120, 160, 150, 135, 140, 155.
दुसरी रेषा: 15, 18, 14, 60, 160, 95, 22, 16.

वर्गाला विचारा, तांबे कुठे शोधावे? बरीच मुले पहिली रेषा सांगतील, कारण तिथे बेरीज मोठी आहे. पण पहिली रेषा पातूरसारख्या काळ्या मातीची आहे. तिथे दीडशे ही रोजची गोष्ट आहे. दुसरी रेषा ग्रॅनाइटच्या प्रदेशातली आहे. तिथे पंधराच्या जागी एकाएकी 160 येणे ही बातमी आहे. पहिल्या रेषेतही 160 आहे आणि दुसऱ्या रेषेतही. आकडा एकच, पण एका ठिकाणी तो गप्प बसतो आणि दुसऱ्या ठिकाणी बोलतो. नेहमीच्या पातळीला भूवैज्ञानिक 'पार्श्वभूमी' म्हणतात आणि तिच्यातून उठून दिसणाऱ्या आकड्याला 'विसंगती'. शोध विसंगतीचा घ्यायचा असतो.

विसंगतीही फसवते. वऱ्हाडातल्या संत्र्या-लिंबाच्या बागांत मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात, खोडांना त्याची पेस्ट लावतात. अशा बागेतली माती तपासली तर तांबे वाढलेले दिसेल. ते जमिनीतून वर आलेले नसून पंपातून खाली पडलेले असेल. म्हणून नमुना घेताना आजूबाजूला काय आहे, ते वहीत लिहून ठेवणे हे नमुन्याइतकेच महत्त्वाचे असते.

शिवाय माती तिथलीच असेल असेही नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली गाळाची माती नद्यांनी वाहून आणलेली आहे. ती खालच्या खडकाबद्दल काही सांगत नाही. आफ्रिकेत मोठ्या प्रदेशावर कालाहारीची वाळू पसरली आहे, तिथेही हीच अडचण येते. तिथे शोधक वारुळांची माती घेतात, कारण वाळवी खोलवरची माती वर आणते. आपल्याकडे वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूजलाची खूण म्हणून वारुळाचा उल्लेख केला आहे, हे या निमित्ताने मुलांना सांगता येईल.

चौथी पायरी भूभौतिकीची. जमिनीत वीजप्रवाह सोडून तो एकदम बंद करतात आणि जमिनीतला दाब किती सावकाश ओसरतो ते मोजतात. गंधकयुक्त धातुखनिजांचे कण थोडा वेळ विद्युतभार धरून ठेवतात. पण ग्रॅफाइटही तसेच वागते. म्हणजे हाही पुरावा खूणच, खात्री नव्हे.

शेवटी बोअर. हिरेजडित नळीने खडकाचा लांब दांडा, म्हणजे गाभा, बाहेर काढतात आणि क्रमाने पेट्यांत मांडून ठेवतात. ही सर्वांत महागडी पायरी. बहुतेक शोध याच पायरीवर किंवा तिच्या आधीच थांबतात.

मात्र कधी यशही येते. काँगोमधील कोल्वेझी गावाच्या पश्चिमेला कामोआ येथे पृष्ठभागावर हिरवे डाग नव्हते, वर वाळू होती. पुढे आयव्हनहो माइन्स या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीला 2008 साली तिथे फार मोठा साठा सापडला. त्यालगतच्या काकुला भागात काही ठिकाणी तांबे 5 टक्क्यांहूनही अधिक आहे. तिथून तांबे बाहेर पडायला 2021 साल उजाडले. इतक्या संपन्न साठ्यालाही शोधापासून उत्पादनापर्यंत तेरा वर्षे लागली, हे लक्षात ठेवावे.

प्रामाणिकपणाची चाचणी

छोट्या कंपनीचे सगळे भवितव्य प्रयोगशाळेतून येणाऱ्या आकड्यांवर अवलंबून असते. अशा वेळी मोह होणारच. 1997 साली कॅनडाच्या ब्रे-एक्स या कंपनीचे प्रकरण उघडकीला आले. इंडोनेशियातील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे तिने जाहीर केले होते. प्रत्यक्षात नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. शेअर कवडीमोल झाले आणि असंख्य लोकांची बचत बुडाली. त्यानंतर कॅनडात 2001 पासून शोधाचे निकाल जाहीर करण्याचे कडक नियम लागू झाले.

आज चांगली कंपनी नमुन्यांच्या पिशव्यांत काही 'गुप्त' पिशव्या मिसळते. एकीत तांबे जवळजवळ नसलेली पूड, दुसरीत तांब्याचे प्रमाण आधीच ठाऊक असलेली पूड, तिसरीत आधी दिलेल्याच नमुन्याचा अर्धा भाग. प्रयोगशाळेला कोणती पिशवी कोणती ते कळत नाही. कोरी पिशवी कोरी निघाली, माहीत असलेली बरोबर निघाली आणि अर्धे भाग जुळले, तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीलाही ही पद्धत लावून पाहण्यासारखी आहे.

वर्गात करून पाहा

एक मोठी परात घ्या. तिच्या तळाशी एका जागी दोन मुठी तूरडाळ ठेवा. वर चार बोटे बारीक, कोरडी, काळी माती पसरा आणि परात एका बाजूने थोडी उचलून ठेवा. डाळ ठेवली त्या जागेपासून उताराच्या बाजूला मातीच्या वरच्या थरात थोडे दाणे विखरून टाका, जवळ जास्त आणि लांब कमी. मग वरून पातळ माती भुरभुरा. हे सारे मुलांच्या मागे करा.

दोऱ्याने परातीचे 36 चौकोन पाडा. प्रत्येक गटाला 60 रुपयांचे खोटे भांडवल द्या. चमचाभर वरची माती तपासायला 1 रुपया, तळापर्यंत नळी खुपसून पाहायला 10 रुपये. प्रत्येक गटाने आधी योजना लिहून द्यावी आणि मिळालेले दाणे चौकोनांच्या नकाशावर भरावेत. पुढच्या गटाची पाळी येण्याआधी परात पुन्हा नीट मांडून ठेवावी.

काही गट सहा नळ्या कुठेही खुपसून मोकळे होतील. काही गट आधी चमचे वापरतील, पण जिथे सर्वांत जास्त दाणे मिळाले तिथेच नळी खुपसतील आणि फसतील, कारण दाणे उताराने खाली आले आहेत. जो गट दाण्यांचा माग काढीत उताराच्या वरच्या अंगाला जाईल, त्याला डाळ सापडण्याची शक्यता जास्त. एका गटासाठी परातीत तळाला डाळ ठेवूच नका, नुसते वरचे दाणे टाका. त्या गटाने "खाली काही नाही" हे योग्य पुराव्यानिशी सांगितले, तर त्यालाही पूर्ण गुण द्या. ही सूचना आम्हाला या खेळातली सर्वांत महत्त्वाची वाटते.

बातमी वाचताना

हे सगळे मुलांना कशासाठी शिकवायचे? सगळी मुले भूवैज्ञानिक होणार नाहीत. पण तांब्याची गरज वाढते आहे. विजेच्या तारा, मोटारी, पंप, सौर संच या सगळ्यांना तांबे लागते. 2023 साली आपल्या खनिज कायद्यात बदल होऊन तांब्यासह काही खनिजांसाठी स्वतंत्र शोधपरवान्याची तरतूद झाली. तेव्हा शोधाच्या बातम्या यापुढे जास्त येतील. उद्या एखाद्याच्या शेतात मोजणीची माणसे येतील, कुठे बोअर पडेल, कुठे जमिनीचे भाव वाढल्याची आवई उठेल. भरवशावर कोणी जमीन विकेल, कोणी शेअर घेईल. त्या वेळी उपयोगी पडणारे प्रश्न आजच शिकवून ठेवलेले बरे.

'तांबे सापडले' अशी बातमी वाचली की विचारावे: सापडले म्हणजे मातीत, की बोअरमध्ये? किती टक्के, आणि किती मीटर जाडीत? किती खोलीवर? एकाच बोअरमध्ये, की अनेक? तिथली नेहमीची पातळी काय? नमुने कोणी तपासले, आणि त्या तपासणीची तपासणी कोणी केली? बोअर पुन्हा बुजवले का? शेजारच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी काम सुरू होण्याआधी झाली होती का? खुणेला साठा म्हणू नये आणि साठ्याला खाण म्हणू नये. या दोन पायऱ्यांमध्ये अनेक वर्षे आणि पुष्कळ अपयश असते.

आता पातूरच्या त्या मुलाला काय सांगायचे ते ठरवता येईल. "तुझ्या हातातला हिरवा रंग लोहाचा असावा, आपण खिळा बुडवून पाहू. पण तू ज्या डोंगरावर उभा होतास, त्यात तांबे आहे, दर टनाला शंभरेक ग्रॅम. ते गोळा करायला निसर्गाला इथे सवड मिळाली नाही, एवढेच." मग त्याच्याकडून तो टनाचा हिशेब करून घ्यावा, आणि दगडावर जागेचे नाव व तारीख लिहून तो शाळेच्या कपाटात ठेवावा. त्याच्या शोधातून "इथे खाण नाही" हे समजले, तरी तीही नोंद ठेवण्याजोगी आहे.